भाऊजींनी नापसंत केलेली टेबलं

आमच्या भाऊजींइतक्या मायेनं एखादी वस्तू नापसंत करणारा माणूस आख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांची सगळी नोकरी बसस्टँडच्या खिडकीत बसून, कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली आहे ते भोंग्यावरून सांगण्यात गेली. त्यामुळे निवृत्त झाल्यावरही ते घरात बोलत नाहीत, सूचना देतात, आणि प्रत्येक सूचना दोनदा देतात. ताईची भाजी झाली की ती गल्लीला भाऊजींकडून कळते. खरेदीला निघाले तर दुकानदाराला वाटावं, आज मोठं गिऱ्हाईक आलं. ते प्रत्येक सोफ्यावर बसून बघतात, टेकून बघतात, एखाद्यावर डुलकीही काढतात, आणि शेवटी घरी येऊन जुनी वेताची खुर्ची विणायला टाकतात. फक्त ताईला त्यांनी पाहताक्षणी होकार दिला होता. ताईच्या मते त्या दिवशी त्यांना परतीची गाडी गाठायची होती, म्हणून.

त्यांची एकुलती एक लेक मुक्ता पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. मध्यंतरी कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली आणि ती यवतमाळला परत आली. घरात लॅपटॉप ठेवायला जागा नव्हती, म्हणून ताईच्या शिलाई मशीनवरच तिनं ऑफिस थाटलं. बोलण्याच्या भरात तिचा पाय पायडलवर पडायचा, चाक घरघरायला लागायचं आणि पुण्याचे साहेब विचारायचे, की तुमच्याकडे काही बांधकाम चालू आहे का. एकदा जेवताना तिनं फोनवरचं चित्र दाखवलं आणि म्हणाली, असं एखादं जुनं सागवानी टेबल मिळालं तर किती बरं होईल. भाऊजींनी चष्मा लावून ते चित्र बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "भेटन. आपल्या जिल्ह्यात सागवानाची काय कमी हाये?"

दुसऱ्याच रविवारपासून मोहीम सुरू झाली. मुक्ता तिची छोटी गाडी चालवायची, भाऊजी शेजारी बसायचे आणि मागे मी. ताईचे गुडघे दुखतात, म्हणून तिनं मला पाठवलं होतं. निदान एक शहाणं माणूस सोबत असावं, असं तिचं म्हणणं. पहिलं टेबल नेरला होतं, एका वकिलांच्या घरी. भाऊजींनी आधी टेबलावर टिचक्या मारून कान लावला, डॉक्टर रोग्याच्या पाठीला लावतात तसा. मग खण उघडून त्यात तोंड घातलं आणि खोल श्वास घेतला. आम्ही आणि वकीलसाहेब उभ्या उभ्या वाट बघतोय. तोंड बाहेर काढून भाऊजी गंभीरपणे म्हणाले, "ह्याच्यात कोर्टाचा वास येते. पोरगी रोज भांडन कोनासंग तरी." वकीलसाहेबांना हे खटल्याबाहेरचं वाटलं असावं. त्यांनी आम्हाला फाटकापर्यंतसुद्धा पोचवलं नाही.

मग केळापूरकडे कोणा जुन्या कापसाच्या जिनिंगमधलं मुनीमजीचं डेस्क असल्याचं कळलं. उतरत्या फळीचं, जमिनीवर मांडी घालून वापरायचं. भाऊजी त्याच्यापुढे मांडी घालून बसले, आणि इतके रमले, की उठायची वेळ आली तेव्हा आम्हाला दोघींना त्यांना दोन्ही हातांनी ओढावं लागलं. आता हे नक्की, असं मी मनात म्हणतेय तोवर त्यांनी मान हलवली. त्यांचा मुद्दा असा, की मीटिंगमध्ये साहेबाला वाटेल पोरगी सत्यनारायणाला बसली आहे.

पुसदचं टेबल मात्र खरंच देखणं होतं. एका डॉक्टरांचं, पितळी मुठींचं, वर हिरवं कापड लावलेलं. डॉक्टर वारले होते, आणि त्यांच्या पत्नी ते चांगल्या घरी जावं म्हणून गिऱ्हाईक पारखून घेत होत्या. मुक्ता त्याच्यासमोर बसली आणि उठेचना. भाऊजींनी बाईंकडे चहा मागितला, तोही काठोकाठ भरून. तो कप टेबलावर ठेवला आणि मुक्ताला म्हणाले, टाइप कर. तिनं जोरजोरात टाइप केलं. थेंब सांडला नाही. आम्ही तिघी त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांनी चहा शांतपणे पिऊन टाकला, टेबलाभोवती एक फेरी मारली, आणि पडलेल्या चेहऱ्यानं म्हणाले, "मजबूत हाये. पन लय गप्प हाये."

टेबलानं बोलावं अशी अपेक्षा त्या बाईंनी आयुष्यात प्रथमच ऐकली असेल. मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण परतीच्या वाटेवर भाऊजी इतके खुशीत होते, की रागावताही येईना. घाटात गाडी थांबवून आम्ही भजी खाल्ली. खाली उतरत जाणाऱ्या रस्त्याकडे बघत ते मुक्ताला म्हणाले, "पुसद, पुसद म्हनून जलमभर वरडलो. पन गेलतो कवा? दुसऱ्यायलेच धाडून राह्यलो." मुक्तानं त्यांच्या शर्टावर सांडलेली चटणी पुसली. मला ताईनं सांगितलेलं आठवलं. मुक्ता पहिल्यांदा पुण्याला निघाली तेव्हा खिडकीत भाऊजींचीच ड्यूटी होती. सगळ्या गाड्या दोनदा पुकारणाऱ्या माणसानं पुण्याची गाडी त्या दिवशी एकदाच पुकारली होती.

भाऊजी हात धुवायला गेले, तेव्हा मी मुक्ताला म्हटलं, "तुझ्या बाबांना टेबल घ्यायचंच नाहीये. त्यांना रविवार पाहिजेत."

"माहीत आहे, मावशी," ती म्हणाली. "नेरलाच कळलं होतं. मी तरी कुठं घाई करून राह्यली?"

त्यानंतर मी शहाणपणा सोडला आणि डबे भरून न्यायला लागले. दारव्ह्याला गेलो, वणीला गेलो, केळापूरला पुन्हा गेलो. एका टेबलाचा रंग उदास निघाला, एकाचे पाय भाऊजींना एका जुन्या अधिकाऱ्यासारखे वाटले, आणि एक तर एवढं चांगलं निघालं, की भाऊजी दारातूनच मागे फिरून गाडीत जाऊन बसले. शेतांमधला कापूस फुटला, वेचला गेला, वाळक्या काड्यांच्या पऱ्हाट्या उभ्या राहिल्या, आणि मुक्ता तशीच शिलाई मशीनवर काम करत राहिली.

मग कंपनीनं सगळ्यांना ऑफिसात परत बोलावलं. मुक्तानं एका शनिवारी संध्याकाळी ते घरी सांगितलं. ताई म्हणते, भाऊजींनी एवढंच विचारलं, की उद्या किती वाजता निघायचं.

त्या रविवारी आम्ही दिग्रसला एका बंद पडलेल्या छापखान्यात गेलो. लग्नपत्रिका छापायचा तो. तिथलं टेबल आतापर्यंतच्या सगळ्या टेबलांत वाईट. शाईचे डाग, एक पाय आखूड, एक खण उघडतच नव्हता. भाऊजींनी टिचकी मारली नाही, वास घेतला नाही, चहा मागितला नाही. नुसता त्यावर तळहात ठेवून उभे राहिले.

"हेच घेऊ," ते म्हणाले.

"बाबा, हे हलतंय."

"हलू दे. तू आली का मी खाली कागद लावत जाईन."

मुक्तानं पटकन तोंड फिरवलं आणि न उघडणारा खण ओढत बसली.

टेबल पुण्याच्या फ्लॅटच्या जिन्यात वळलं नसतं, असं सगळ्यांनी एकमतानं ठरवलं. कोणी मोजून बघितलं नाही. ते आता यवतमाळलाच आहे, समोरच्या खोलीत, खिडकीपाशी. मुक्ता सणावाराला येते, कधी चार दिवस जोडून येते, आणि त्याच्यावर काम करते. ती असली की भाऊजी दाराशी बसतात आणि आलेल्या माणसाला ओठांवर बोट ठेवून आत घेतात. एरवी ते टेबल रिकामं असतं. ताईनं त्याच्यावर एकदा फुलदाणी ठेवली, ती त्यांनी लगेच उचलली.

परवा सकाळी मी गेले, तेव्हा ताई केर काढत होती. तिनं टेबलाजवळची खुर्ची आत सरकवली आणि पुढे गेली. भाऊजी उठले, खुर्ची पुन्हा थोडी बाहेर ओढली, जरा तिरपी केली, आणि जागेवर येऊन बसले. कोणी नुकतंच उठून आत पाणी प्यायला गेलं असावं, इतकीच.