खालच्या मजल्यावर छापलेला काळा मसाला

माझी धाकटी जाऊ कुसुम चांगली बाई आहे, आणि त्याचा मला गेली चव्वेचाळीस वर्षं त्रास होतो आहे.

ती मॅट्रिक झालेली, मी चौथी. ती लग्न होऊन घरात आली त्या आठवड्यात लिहायचं सगळं काम तिच्याकडे गेलं. पत्रं तिने लिहायची, किराण्याची यादी तिने करायची, पत्रिकांवरची नावंही तिनेच घालायची. माझ्याकडे चूल राहिली. पन्नास पानांची पंगत मी एकटीने उठवावी आणि जेवून उठलेल्या पाहुण्यांनी म्हणावं, "वा! कुसुमचं अक्षर काय सुरेख आहे!" (थोडं वाढवून सांगते आहे. पण थोडंच.)

दिघीला आमचं दोन मजली घर आहे. आमचे नवरे सख्खे भाऊ, दोघे एकाच कारखान्यात, दोघांनी मिळून बांधलेलं. खाली कुसुम, वर आम्ही. भाऊ दोघेही आता नाहीत. जिना एक आहे, पाण्याची टाकी एक आहे, आणि वायफायची पेटीही एकच, जिन्यात खिळ्याला टांगलेली. बाकी सगळं वेगळं. साखर संपली तर मी खाली जात नाही, चार गल्ल्या चालून दुकानात जाते.

कुसुमकडे अक्षर होतं, तसा माझ्याकडे काळा मसाला होता. त्याचं माप सासूबाईंनी फक्त मला दिलं, कारण माप थोरल्या सुनेलाच द्यायचं ही आमच्या घरची रीत. कुसुमने मागितलं तेव्हा मी नाही म्हटलं नाही. एवढी काही मी वाईट नाही. धने सांगितले, खोबरं सांगितलं, तीळ, लवंग, तमालपत्र, सगळं सांगितलं. फक्त दगडफूल सांगितलं नाही. मग दर उन्हाळ्यात ती म्हणायची, "ताई, तुमच्यासारखा वास काही येत नाही हो." मी म्हणायचे, "असतो एकेकीच्या हाताचा गुण." वर्षभरात मला सर्वांत आवडणारा दिवस तो. दिवाळी त्याच्यानंतर.

मागच्या वर्षी कुसुमच्या मुलीने तिला प्रिंटर घेऊन दिला. मोबाइलवर बोट दाबलं की खालच्या खोलीत कागद बाहेर! ती आमच्या महिला भजनी मंडळाची भजनं ठळक अक्षरांत छापून आणायला लागली. दर गुरुवारी दत्ताच्या देवळात कागद वाटायची आणि बायका तिच्याभोवती अशा गोळा व्हायच्या, की जणू दत्तगुरूंनीच ते खाली पाठवले. मी तिचा कागद कधी हातात धरला नाही. मला भजनं पाठ आहेत म्हणाले. (निम्मी आहेत. उरलेल्या ठिकाणी मी तोंड हलवते.)

त्या महिन्यात मी माझ्या मुलाला, सुनीलला सांगितलं की आपल्याकडेही प्रिंटर पाहिजे. त्याने विचारलं, कशाला? कारण तयारच होतं. माझी सून रेखा कधीपासून मागे लागली होती की मसाल्याचं माप डोक्यात राहत नाही, कागदावर द्या. माझा हात आता थरथरतो. तेव्हा छापूनच देऊ.

सुनीलने मोबाइलवर चार-पाच प्रिंटर दाखवले. मी एकही बघितला नाही. कुसुमकडे आहे तोच आण म्हणाले. तीच कंपनी, तोच नंबर, तोच राखाडी रंग. तो दोन दिवस समजावत होता की याहून चांगले मिळतात.

"मला चांगला नको आहे," मी म्हटलं, "तिच्याकडे आहे तो पाहिजे."

सुनील चाकणच्या एका कंपनीत कॉम्प्युटर विभागात आहे. तिथले सगळे प्रिंटर तोच जोडतो, असं तो सांगतो. घरातला कॉम्प्युटर कंपनीने काढून टाकलेला, आणि त्यात त्याने युनिक्सच्या जातीचं काहीतरी घातलेलं. का, तर म्हणे त्याला व्हायरस लागत नाही आणि तो कधी बंद करावा लागत नाही. इतरांकडे चित्रं दिसतात, आमच्याकडे काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मीही पाटीवरच शिकले.

रविवारी सकाळी बैठक बसली. प्रिंटर वायरीशिवाय, वायफायवरून जोडायचा होता. सुनीलने काहीतरी बडवलं आणि म्हणाला, सापडला, पण यादीत दोनदा दिसतोय. नाव तेच, नंबर तोच. मग स्वतःच म्हणाला की असं होतं कधीकधी, एकच प्रिंटर दोन वाटांनी दिसतो, त्यातला एक पुसून टाकायचा. त्याने एक पुसला. मी शेजारी बसून मान डोलावली. कळत काही नव्हतं, पण खालच्या मजल्यावर कुसुमच्या मुलीला हेच करायला दहा मिनिटं लागली होती आणि आमची पंचवीस झाली होती, त्यामुळे मला घाई होती.

मी सांगत गेले, रेखा टाइप करत गेली. अक्षरं कुसुमच्या भजनांपेक्षा मोठी पाहिजेत, असं मी तीनदा बजावलं. धने एक किलो. खोबरं, तीळ, खसखस. शेवटी दगडफूल, मंद आचेवर, करपू न देता. आणि त्याखाली: "दगडफूल कुसुमला सांगितलेलं नाही. सांगू नये."

रेखाची बोटं थांबली. "आई, हेही लिहायचं?"

"ते ठळक कर," मी म्हटलं.

सुनील म्हणाला, आधी चाचणीचं पान काढून बघू. मी साफ नाही म्हटलं. कुसुमच्या प्रिंटरमधून पहिल्यांदा देवाचं नाव निघालं होतं, माझ्यातून काय रेघोट्या निघणार? पहिला कागद माझाच.

बटण दाबलं. प्रिंटर गप्प. कॉम्प्युटर म्हणाला, कागद नाही. सुनीलने प्रिंटर उघडून पाहिला तर आत जाडजूड गठ्ठा. काढला, झटकला, परत घातला. कागद नाही! मग दुसरा गठ्ठा फोडला. कागद नाही! माझ्या लक्षात आलं की मशीनला हळदकुंकू वाहिलेलं नाही. ते वाहिलं. तरी कागद नाही. सुनील कॉम्प्युटरशी अशा आवाजात बोलायला लागला, ज्या आवाजात त्याचे वडील सुपरवायझरबद्दल बोलायचे. प्रत्येक खटपटीनंतर तो बटण दाबायचा. तो आंघोळीला गेला तेव्हा रेखाने दाबून पाहिलं. रेखा कुकर बघायला उठली तेव्हा मी दाबलं. किती वेळा ते मोजलं नाही. राग जाईपर्यंत दाबलं.

संध्याकाळी सुनीलने हार मानली आणि सरळ वायर लावली. कागद झर्रकन बाहेर आला. मी तो रेखाच्या हातात दिला, तिने तो मसाल्याच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला, आणि विषय संपला. म्हणजे आम्हाला तसं वाटलं.

गुरुवारी देवळात गेले. कुसुम आठवडाभर तळेगावला मुलीकडे होती, ती सकाळीच परतली होती. तिने पिशवीतून कागद काढून वाटले. मी नेहमीप्रमाणे घेतला नाही आणि नेहमीप्रमाणे तिच्यासमोरच्या भिंतीला टेकून बसले. पेटी सुरू झाली. बायकांनी कागद तोंडासमोर धरले.

आणि मला समोर दिसलं, धने एक किलो.

डोळे चोळले. डावीकडे बघितलं, तिथेही धने एक किलो. वीस बाया, वीस कागद! त्यांच्या बाजूला भजन, माझ्या बाजूला मसाला. अक्षरं एवढी मोठी, की मला चष्म्याशिवाय देवळाच्या या टोकावरून खसखस वाचता येत होती. मंडळाच्या अध्यक्ष शिंदेबाई पहिल्या रांगेत होत्या. त्यांचा कागद अगदी सरळ धरलेला. तळाशी, ठळक: "कुसुमला सांगितलेलं नाही. सांगू नये." आणि त्यांना खेटून बसलेली कुसुम डोळे मिटून टाळ वाजवत होती.

(सुनीलने घरी कपाळाला हात लावून जे सांगितलं ते इथेच सांगून टाकते. यादीत प्रिंटर दोनदा दिसत नव्हता, प्रिंटरच दोन होते. एक आमचा, एक कुसुमचा. वायफाय एक, आणि माझ्या हट्टापायी नाव-नंबरही एक. त्याने पुसला तो आमचा. कॉम्प्युटर खरंच बोलत होता, कागद नव्हता, पण खाली. गावाला जाताना कुसुम झुरळांच्या भीतीने कागद काढून ठेवते, प्रिंटर मात्र चालूच राहतो. आम्ही दाबलेलं प्रत्येक बटण रांग लावून चार दिवस वाट बघत उभं होतं. आमचा कॉम्प्युटरही बंद केलेला नव्हता, कारण तो बंद करावा लागत नाही. तिने आल्या आल्या भजनं छापायला कागद भरला आणि सगळा मसाला एका दमात बाहेर. आणि पाठकोरा कागद फेकून देणं आमच्या घरात कुणालाच जमत नाही. तिने गठ्ठा उलटा करून परत घातला आणि मागच्या बाजूला भजन छापलं.)

मला एकच कळत होतं, की हे कागद बायकांनी उलटे करायच्या आत माझ्या हातात आले पाहिजेत. मी उभी राहिले आणि म्हटलं की भजनात चूक छापली आहे, सगळे कागद परत द्या.

पेटी थांबली. कुसुमने डोळे उघडले. "कुठल्या ओळीत, ताई?"

मी म्हटलं, तिसऱ्या. वीस माना तिसऱ्या ओळीवर गेल्या. कुसुमने ती मोठ्याने वाचली. मग सावकाश, एकेक शब्द सुटा करून वाचली. चूक नव्हती. ती मॅट्रिक आहे, चूक कशी असेल! कुणीतरी म्हणालं, ताईंना नीट दिसत नसेल, आणि कुणाचा तरी चष्मा हातोहात माझ्यापर्यंत आला. मी तो घातला. आता मसालाही दिसेना. शेवटी लाज सोडून मी शिंदेबाईंच्या हातातला कागद ओढला. त्यांनी सोडला नाही. त्या ओढाताणीत तो उलटा झाला, आणि त्यांनी वाचला. वरपासून खालपर्यंत, ओठ हलवत.

मला वाटलं, गेलं. आता उद्या दिघीतल्या घराघरातून माझ्या मसाल्याचा वास येणार.

शिंदेबाई म्हणाल्या, "अहो, एवढं भाजत बसायला आता वेळ कुणाला आहे?"

आणि त्यांनी कागद भजनाच्या बाजूला वळवला. इतर बायकांनीही मागची बाजू पाहिली. एकीने विचारलं, तुमची रेखा खरंच हे सगळं करते का, बिचारी. दुसरी म्हणाली, खसखस हल्ली चांगली मिळत नाही. संपलं. कुणी लिहून घेतलं नाही. कुणी मोबाइलवर फोटोही काढला नाही, आणि या बायका ताटातल्या शिऱ्याचा फोटो काढतात! पेटी सुरू झाली आणि तिसऱ्या ओळीपासून भजन पुढे गेलं.

घरी येताना कुसुम आणि मी बरोबर होतो. वाट एकच आहे, काय करणार. घरापाशी पोचल्यावर मीच विचारलं, "वाचलंस?"

"वाचलं की. पहिला वाचला. बाकीचे तेच होते."

मी थांबले. ती ओरडेल, रडेल, काहीतरी करेल, याची मी तयारी केली होती. उत्तरंही ठरवली होती. ती म्हणाली, "ताई, मी पंधरा वर्षं मसाला करतच नाही. नाक्यावरच्या दुकानातलं पाकीट आणते."

"मग दर उन्हाळ्यात म्हणायचीस ते? वास येत नाही म्हणून?"

"तुम्हाला बरं वाटायचं," ती म्हणाली आणि जिन्याखाली चप्पल काढून आत गेली.

भांडली असती तर परवडलं असतं. त्या रात्री मी जेवले नाही, म्हणजे एक पोळी कमी खाल्ली. पंधरा वर्षं जी बाई माझ्यावर जळते म्हणून मी सुखात होते, ती माझी समजूत काढत होती! आणि जे माप मी सासूबाईंच्या हाताखालून एवढं जपून आणलं, ते आख्ख्या मंडळाला फुकट वाटून झालं तरी चोरायला एक बाई पुढे आली नाही. दगडफूल म्हणजे काय, एवढंसुद्धा कुणी विचारलं नाही.

चार दिवसांनी मी नाक्यावरच्या दुकानात गेले. कुसुम कुठलं नेते ते विचारलं आणि तेच पाकीट आणलं, तिचं नेमकं किती वाईट आहे ते बघायला. स्वयंपाकघरात कुणी नसताना आमटीत तेच घातलं आणि पाकीट कचऱ्याच्या तळाशी दाबलं. रेखा जेवायला बसली. तिने भुरका मारला, वाटी खाली ठेवली, परत भरून घेतली.

"आई," ती म्हणाली, "आज पहिल्यांदा तुमचा मसाला खरा जमलाय."

मी म्हटलं, "असतो एकेकीच्या हाताचा गुण," आणि माझीही वाटी पुढे केली.