पीठही त्यांचं, गोळीही त्यांची

आमची पलटण शांतिसेनेबरोबर आफ्रिकेत गेली तेव्हा मी हवालदार होतो. त्या देशाचं नाव मी सांगणार नाही. तिथं माझ्या ओळखीची थोडी माणसं अजून आहेत, आणि ज्या जनरलमुळं हे सगळं घडलं तो अजून खुर्चीवर आहे.

मी इनामगावचा, तालुका शिरूर. माझ्या सेक्शनमध्ये एलएमजी, म्हणजे हलकी मशीनगन, चालवणारा नाईक सोपान गावडे दौंड तालुक्यातला, पाटसच्या अलीकडचा. पलटण सगळ्या प्रांतांतल्या जवानांची होती आणि आमच्या कंपनीत मराठी बोलणारे आम्ही दोघंच. सुट्टीवर येताना दोघं दौंड स्टेशनावर उतरायचो, बाहेर चहा-भजी व्हायची, मग तो त्याच्या वाटेला आणि मी न्हावऱ्याकडच्या गाडीला. अंगानं दणकट, बोलायला कमी. हत्यार साफ करताना तेवढा गुणगुणायचा.

आमचा कॅम्प एका लहान शहराबाहेर, लाल मातीच्या धावपट्टीला लागून होता. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चात सज्ज, मग चहा, मग पेट्रोलिंग. दुपारी पाण्याच्या टँकरला एस्कॉर्ट. संध्याकाळी व्हॉलीबॉल. हुकूम साधा होता. निवडणूक पार पडेपर्यंत शांतता राखायची, कुणाची बाजू घ्यायची नाही, आणि आपल्यावर गोळी आली तरच गोळी चालवायची.

निवडणूक जनरलनं मनानं लावली नव्हती. फौजेच्या जोरावर त्यानं सरकार उलथवलं होतं आणि बरीच वर्षं राज्य केलं होतं. बाहेरून दबाव वाढला म्हणून तो कसाबसा तयार झाला. दबाव आणणाऱ्यांत जो सगळ्यात मोठा देश होता, त्याचंच विमान दर आठवड्याला आमच्या धावपट्टीवर उतरायचं. त्यातून विस्थापितांसाठी पिठाची पोती यायची. पोत्यांच्या मागं लांब हिरव्या पेट्या यायच्या. पोत्यांवर आणि पेट्यांवर एकच झेंडा छापलेला. पीठ उतरवताना पहारा आमचा. पेट्या जनरलच्या ट्रकमध्ये जायच्या आणि तिकडं बघायचं नाही अशी ताकीद होती.

गावडेनं एकदा विचारलं, "हवालदारसाहेब, पीठ बी त्यांचंच आन् गोळी बी त्यांचीच?"

"व्हय."

"मंग आपुन कशाला आलोय?"

मी म्हणालो, "पोती मोज."

त्याच देशाचा एक कर्नल जनरलच्या फौजेला ट्रेनिंग द्यायला आला होता. वेलदोड्याचा चहा आवडतो म्हणून आमच्या मेसमध्ये यायचा. हसरा माणूस. आमच्या पोरांबरोबर व्हॉलीबॉल खेळायचा. आमच्या मेजर साहेबांनी त्याला एकदा सरळ विचारलं की या माणसाला तुम्ही का सांभाळता. मी दाराशी उभा होतो. इंग्रजी मला समजतं. तो म्हणाला, "मेजर, निवडून आलेला माणूस पहिल्याच वर्षी खाणींचे करार उघडून बसतो. जनरल बसत नाही." आणि त्यानं कप पुढं केला, अजून चहा पाहिजे म्हणून.

जनरलच्या विरोधात उभी होती एक डॉक्टरबाई. शहरात तिचा दवाखाना होता. वय पन्नाशीचं, चष्मा, आवाज बारीक. आमच्या दोन जवानांना मलेरिया झाला आणि आमच्याकडची औषधं संपली, तेव्हा तिनं आपल्याकडची दिली होती. लोक तिला मतं देणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. जनरललाही कळत होतं.

आमचा दुभाषा जोसेफ तिच्याच दवाखान्यात शिकून कंपाउंडर झालेला. पुढं शाळेत मास्तर झाला, मग आमच्याकडं आला. घरी बायको आणि दोन मुली. गावडेनं त्याला मराठी शिकवलं होतं. सकाळी गेटमधून आत येताना तो ओरडायचा, "काय पाव्हणं, च्या झाला का?" आणि सगळा गार्ड हसायचा.

मतदानाच्या आधीच्या आठवड्यात डॉक्टरबाई कॅम्पवर आली. तिला जिल्ह्याच्या ठिकाणी सभेला जायचं होतं. वाटेत नदीचा पूल होता आणि पुलाच्या दोन्ही बाजूंना दाट झाडी. तिनं एस्कॉर्ट मागितला. मेजर साहेबांनी तिच्या समोरच वायरलेस सेटवर हेडक्वार्टरला विचारलं.

उत्तर आलं, "निगेटिव्ह. उमेदवाराला एस्कॉर्ट म्हणजे बाजू घेणं. ओव्हर."

मेजर साहेबांनी पुन्हा विचारलं. तेच उत्तर आलं.

जोसेफनं ते तिच्या भाषेत सांगितलं. ती म्हणाली, "ठीक आहे. रस्ता आमचाच आहे." चष्मा पुसला, मेजर साहेबांशी हात मिळवला आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोन गाड्या घेऊन पेट्रोलिंगला होतो. पुलाच्या बाजूनं ऑटोमॅटिकचा आवाज आला. एक लांब बर्स्ट, मग दोन सुट्या गोळ्या. आम्ही पोहोचलो तेव्हा मारणारे गेले होते. तिची पांढरी जीप कठड्याला टेकून उभी होती आणि इंजिन चालू होतं. ड्रायव्हर आणि मागं बसलेले दोघे जागेवरच संपले होते. डॉक्टरबाई रस्त्यावर होती. जीपमधून उतरून ती थोडी चालली होती, रक्तावरून कळत होतं. त्या दोन सुट्या गोळ्या जवळून घातलेल्या होत्या. तोंड ओळखू येत नव्हतं.

गावडेनं आपला पावसाळी पॉन्चो तिच्यावर टाकला. जोसेफ गुडघ्यावर बसला आणि तिच्या पायांतली एक चप्पल निघाली होती ती त्यानं परत घातली.

रस्त्यावर गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या पडल्या होत्या, नव्या, पिवळ्याधमक. गावडेनं एक उचलून मला दाखवली. तिच्या बुडावरचा मार्का आम्हाला पाठ होता, कारण तोच हिरव्या पेट्यांवर झेंड्याच्या खाली असायचा. त्याच्या पहाऱ्यात उतरलेला माल होता तो. गावडेनं पुंगळी खिशात टाकली.

मी सेटवर रिपोर्ट द्यायला सुरुवात केली. तेवढ्यात जोसेफनं मला हात केला. त्याच्या खिशात छोटा रेडिओ असायचा. सरकारी केंद्रावर बातमी लागली होती. डॉक्टरबाईला तिच्याच पक्षातल्या लोकांनी पुलावर मारलं, खुनी शहरात लपलेत, फौज त्यांना शोधायला निघाली आहे. जोसेफ एकेक वाक्य सांगत होता. आमचा रिपोर्ट अजून अर्धा झाला होता.

दुपारपर्यंत जनरलच्या फौजेचे ट्रक शहरात शिरले. त्यांनी सुरुवात दवाखान्यापासून केली. ज्यांच्या हाताला सलाइन लावलेलं होतं त्यांनाही बाहेर ओढलं. मग बाजार. माणसं धावत आमच्या गेटकडं आली, बाया पाठीवर पोरं बांधून. तार धरून उभ्या राहिल्या. हेडक्वार्टर सेटवर सांगत होतं, "गेट बंद ठेवा. पुढच्या हुकमाची वाट बघा."

शहरातून फायरचा आवाज आता थांबत नव्हता. मेजर साहेबांनी हँडसेट ऑपरेटरच्या हातात दिला.

"गेट खोलो. जिम्मेदारी मेरी."

गेट उघडलं. व्हॉलीबॉलचं ग्राउंड भरलं, मेस भरली, पार्किंग भरलं. या हुकमामुळं मेजर साहेबांचं प्रमोशन पुढं कायमचं अडकलं. त्यांनी त्याबद्दल कधी तोंड उघडलं नाही, म्हणून मी इथं सांगतो.

जोसेफ आलेल्या प्रत्येकाचं तोंड बघत होता. त्याची बायको आणि मुली त्यात नव्हत्या. त्यानं मेजर साहेबांना विचारलं. साहेबांनी मला दोन गाड्या दिल्या. "घर जाओ, फॅमिली उठाओ, वापस आओ. कहीं रुकना नहीं."

घर शाळेच्या मागं होतं. पुढचं दार आतून तोडलेलं दिसत होतं, म्हणजे ते मागून शिरून पुढून बाहेर पडले होते. जोसेफला मी गाडीतच बसायला सांगितलं. गावडे आणि मी आत गेलो. अंगणात हौद होता. बायको हौदाजवळ होती. मुली हौदात होत्या. एवढंच सांगतो. जे बघितलं त्यातलं बाकीचं मी घरीसुद्धा कुणाला सांगितलेलं नाही.

आम्ही बाहेर आलो. जोसेफनं आमच्याकडं बघितलं आणि त्याला कळलं. तो आत जायला निघाला. गावडेनं त्याला कवेत धरला आणि मराठीतच बोलत राहिला, "नगं बघू भावा, नगं बघू." त्याला उचलूनच गाडीत बसवला.

परतीच्या वाटेवर, चौकात, त्यांनी ट्रक आडवा लावला होता. वीसेक शिपाई आणि एक कॅप्टन. त्याच कर्नलच्या हाताखाली शिकलेला, आमच्या ग्राउंडवर त्याच्याबरोबर खेळायला आलेला. त्यानं मला नावानं हाक मारली आणि म्हणाला, "हवालदार, दुभाषा इथं ठेवा आणि जा. तो त्या बाईचा माणूस आहे."

मी म्हणालो, "तो माझा माणूस आहे. ट्रक बाजूला घ्या."

"तुम्हाला आधी फायर करता येत नाही," तो म्हणाला. "मला नियम माहीत आहेत."

तो माझ्या गाडीला वळसा घालून मागच्या गाडीकडं गेला. दार उघडून त्यानं जोसेफची कॉलर धरली. गावडेनं जोसेफला मागून कमरेला मिठी घातली आणि सोडेना. दोघं ओढाओढी करत अर्धे बाहेर आले. कॅप्टननं पिस्तूल काढलं, जोसेफच्या छातीला टेकवलं आणि दोनदा मारलं. दोन्ही गोळ्या जोसेफमधून आरपार जाऊन गावडेला लागल्या.

त्यानंतर नियम संपला होता. मी फायर ऑर्डर दिली. कॅप्टन पहिला पडला. त्याचे तिघं अजून पडले, बाकीचे पळाले. आम्ही ट्रकला धडक देऊन वाट काढली.

जोसेफ जागेवरच गेला होता. गावडे माझ्या मांडीवर होता. पोटातून रक्त येत होतं आणि माझ्या दोन्ही हातांना ते थांबत नव्हतं.

"जोसेफला घेतला का?"

"घेतला."

"मागं ठिवू नका त्याला."

"न्हाई ठेवत."

कॅम्पचं गेट दिसायच्या आत तो गेला.

चौकशी झाली. पहिली गोळी कुणी मारली हे मला फिरवून फिरवून विचारलं. डॉक्टरबाईला कुणी मारलं हे एकदाही विचारलं नाही. गावडेच्या खिशातली पुंगळी मी टेबलावर ठेवली. एका अधिकाऱ्यानं ती कागदात गुंडाळून घेतली. पुढं तिचं काय झालं मला माहीत नाही.

निवडणूक रद्द झाली. जनरल रेडिओवर म्हणाला की देश पेटला असताना मतदान परवडणार नाही. शहरात किती मेले ते कुणी मोजलं नाही. आम्ही तीन दिवस पुरत होतो. पुढच्या आठवड्यात विमान आलं. पोती होती आणि पेट्याही होत्या, नेहमीपेक्षा जास्त. धावपट्टीवरचा पहारा माझ्याच सेक्शनला लागला. एलएमजीवर नवा जवान होता. कर्नल तिथं उभा होता. गावडेबद्दल वाईट वाटलं म्हणाला. मी सॅल्यूट केला, कारण तो रँकनं मोठा होता.

गावडेला मीच घरी घेऊन आलो. गावानं दुकानं बंद ठेवली, पुढाऱ्यांनी भाषणं केली. त्याचे वडील, आबा, सगळ्यांना पाणी देत फिरत होते.

मी सुभेदार होऊन रिटायर झालो. कांदा करतो, थोडा ऊस. मध्यंतरी शिरूरला आम्हा माजी सैनिकांचा सत्कार होता. हार घातल्यावर खतांच्या दुकानाचे एक मालक मला म्हणाले, "सुभेदार, आपल्याकडं बी धा वर्सं मिल्ट्रीचं राज्य पायजे. दोन-चार पुढारी उडवले की सगळे सरळ हुतील." माणूस चांगला आहे, अडीअडचणीला धावतो. मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि जे इथं लिहिलं ते सगळं सांगितलं, हौदासकट. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "ते तिकडलं झालं, सुभेदार. आपल्याकडं तसं न्हाई व्हायचं." डॉक्टरबाईच्या शहरातही लोक आधी असंच म्हणत असतील.

दरवर्षी मी आबांकडं जातो. यंदा गेलो तेव्हा टीव्ही चालू होता. बातम्यांत एक विमानतळ दाखवत होते, लाल गालिचा, बँड. विमानातून जनरल उतरला. म्हातारा झालाय, पण युनिफॉर्म कडक. त्या मोठ्या देशाचा प्रमुख पुढं होऊन त्याला भेटला, दोघं हसले. मी रिमोट शोधत होतो.

आबा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. ह्योच का त्यो?"

"व्हय, आबा."

त्यांनी गार्ड ऑफ ऑनर संपेपर्यंत बघितलं. मग स्वतःच उठून टीव्ही बंद केला. भिंतीवर सोपानचा फोटो आहे, युनिफॉर्ममधला. आबा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. मला वाटलं, त्याच्याबद्दल काही बोलतील.

"सुभेदार, आमच्या सोप्याला तुम्ही घिऊन आला. गाव आलं, तालुका आला. त्या जोसेफच्या घरी सांगाया कोन गेलं?"

"कुणी न्हाई, आबा. सांगायला घरात कुणी उरलं नव्हतं."

आबा खाली बसले. त्यांनी जोसेफच्या बायकोचं नाव विचारलं, मुलींची नावं विचारली. बायकोचं नाव मला माहीत होतं. मेरी. मुलींची नावं मी कधी विचारलीच नव्हती.