चंद्रघरावरचा पंजा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सकाळी कामांची यादी करायची, संध्याकाळी एकेक खोडायचं, ही माझी जुनी सवय. हे मात्र कुठल्याच यादीत घातलं नाही — खोडणार कशी होते?

रशियाचा उपग्रह फिरू लागला, त्यानंतरचा हिवाळा. अमळनेरजवळच्या एका शाळेत मी नवी शिक्षिका होते. जळगावच्या प्रदर्शनासाठी मुलींकडून चंद्रावर उतरणाऱ्या माणसांचं घर करून घेत होते. फळ्यावर अडचणी लिहिल्या — हवा नाही, दिवसा भाजणार, रात्री गोठणार, वरून दगड येणार. उपाय? पत्र्याचा चकचकीत घुमट.

शाळेचं धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, तेव्हा नाना गवंडी दुरुस्त करत होते. पाणी प्यायला आत आले, फळ्यावरचं माझ्याकडून वाचून घेतलं आणि हसले.

"बाई, पत्राना घरमा मानूस भाजी जाई! तठे माती शे ना?"

"आहे, नाना."

"मंग घर जमीनमा उतारा, वर दोन हात माती. तठे पानी पडत नही ना? मंग तं धाबं जल्मभर गळनार नही!"

हवा सोडली तर सगळ्या अडचणी एका मातीनं सुटल्या. धाब्याखालीच वाढलेल्या मला हे का सुचलं नव्हतं?

टेबलाएवढ्या त्या घरावर नानांनी स्वतः भुसा घालून मळलेली माती चढवली. तीन थर, प्रत्येक थापीनं दाबलेला. इतकं नेटकं काम मी पुन्हा पाहिलं नाही. मग, धाबं पुरं झालं की नेहमी करत तसा, ओल्या कोपऱ्यावर उजवा पंजा उमटवला.

तो पंजा मी — कसं सांगू? — दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यानं पुसला, वरून लिंपला. मुलींना म्हणाले, डाग दिसतो. डाग? लोक विचारतील हा हात कुणाचा, एवढीच भीती होती.

जळगावला परीक्षकांनी विचारलं, कल्पना कुणाची? "माझी," मी म्हणाले.

दुपारी नाना आले. धुतलेलं धोतर, सोबत बायको. तिला दाखवायला मुद्दाम आणलं होतं.

"तुमना हात कोठे शे?" तिनं विचारलं.

नाना कोपऱ्याकडे बघत राहिले. मी हातातल्या यादीत मान घातली.

"माती तडकनी व्हई," ते म्हणाले. "बाईसनी लिपी लिधं." आणि तिला एकेक थर समजावू लागले.

नानांच्या हातची माती कधीच तडकत नसे. हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.