महालावर दिलेलं अपील

खुनाच्या खटल्यात आरोपीला वकील करणं परवडत नसेल, तर कोर्टच एक नेमून देई. नेमणूक बहुधा माझ्यासारख्या नव्या, रिकाम्या वकिलांची होई. संस्थान मध्यभारतात विलीन होऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि माझ्या पहिल्याच माणसाला फाशीची शिक्षा झाली. तो शिंदे की छावनी या वस्तीतला, पूर्वी फौजेत असलेल्या मराठा घरातला. मारलं त्यानेच होतं, पण समोरच्याने आधी कुऱ्हाड उचलली म्हणून. हे मला कोर्टाला पटवता आलं नाही. माझ्या जागी कोणी मुरलेला वकील असता तर, या विचाराने मला घास जात नव्हता.

अपिलाला मुदत सात दिवसांची. फाशीची फाइल तशीही हायकोर्टात जाई, पण आमचं म्हणणं अपिलाशिवाय तिथे पोचणार नव्हतं. निकालाची नक्कल आणि अपिलाचा कागद मी त्याच्या बायकोकडे दिला. तुरुंगात जाऊन त्याचा अंगठा घेऊन या, म्हटलं. खरं तर मीच जायला हवं होतं. त्याच्यासमोर उभं राहायची मला भीती वाटत होती.

सातव्या दिवशी सकाळी ती नई सडकेवर माझ्या घरी रिकाम्या हाताने आली.

"कागद कुठे आहे?"

"दिला ना, वकील साहेब. काल महालावर दिला. माझ्या सासऱ्याची सजा दरबारांनीच माफ केली होती. तुम्ही चिंता नका करू."

माझी पाचावर धारण बसली. फाशी माफ करणं आता दरबारांच्या, म्हणजे महाराजांच्या, हाती उरलं नव्हतं, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही. सगळी अक्कल कायद्याच्या पुस्तकात ठेवलेली.

फूलबागेपर्यंत आम्ही जवळजवळ पळतच गेलो. महालाच्या दारावरच्या म्हाताऱ्या कारकुनाने आम्हाला आत नेलं. कोपऱ्यात गुडघ्याइतका अर्जांचा ढीग होता.

"इथे काही होत नाही म्हणून सांगतो रोज," तो म्हणाला. "तरी पायरीवर ठेवून जातात. फेकवत नाही."

कालचा कागद वरच असायला हवा होता, पण नव्हता. मी एकेक अर्ज उलटून बाजूला ठेवू लागलो. शोधताना फाशीच्या निकालांच्या आणखी दोन नकला हाती आल्या, सोबत अंगठे उठवलेले अर्ज. कोर्ट बंद होईल या भीतीने मी त्या न वाचताच खाली ठेवल्या. मग आमचा कागद सापडला, त्याच्या अंगठ्यासकट.

अपील वेळेत दाखल झालं. पुढे फाशीची जन्मठेप झाली. तिने महालाच्या दारात नारळ फोडला आणि दरबारांनी वाचवलं म्हणाली. मी हो म्हटलं.

त्या दोन नकलांसाठी मी दुसऱ्याच दिवशी महालावर परत गेलो होतो, हे मात्र तिला कधी सांगितलं नाही. एकीची मुदत केव्हाच उलटून गेली होती. दुसरीचा सातवा दिवस आदल्या दिवशीच होता.