अकरा नंबरजवळ बसलेली

इथले भुताखेतांचे अनुभव मी दोन वर्षं चहासोबत वाचत आले आणि मनातल्या मनात प्रत्येकाचं निदान करत आले — याची झोप कमी पडतेय, हिला ताप असणार, हा सरळ थापा मारतोय. मला भुताची कधीच भीती वाटली नाही, भूत पाहणाऱ्याची काळजी वाटायची. तेव्हा माझंही निदान खुशाल करा. मी करून थकले.

मी भद्रावतीची. अब्बांचं शिलाईचं दुकान आहे. शाळेपासून मी कथा लिहायचे. एमबीबीएसला नंबर लागला तेव्हा अब्बा म्हणाले, "बेटा, कहानी कहीं भाग नहीं जा रही. पहले डॉक्टर बन जा." कहानी खरंच कुठे पळाली नाही. लिहायला बसले की माझेच डोळे मिटायचे. इंटर्नशिपच्या सुरुवातीला एका पाहुण्यांनी येऊन आम्हाला 'बॅलन्स' शिकवला. छंद जोपासा, आठ तास झोपा, स्वतःसाठी रोज वीस मिनिटं काढा! आम्ही सलग ड्युटी करून आलेलो. अर्धी बॅच तिथेच खुर्चीत झोपली होती. मी मात्र ती वीस मिनिटं मनावर घेतली. कुठून काढली, ते सांगते.

एप्रिलमध्ये माझी पोस्टिंग अहेरीकडच्या एका रुग्णालयात होती. नाव सांगत नाही, चूक रुग्णालयाची नव्हती. सकाळी नऊच्या राउंडआधी इंटर्नने स्त्रियांच्या वॉर्डातल्या वीसही बेडजवळ जाऊन नाडी, बीपी, ताप मोजायचा आणि चार्टवर लिहायचा. आणि आम्हा इंटर्न लोकांची एक खोड होती — जो पेशंट काल बरा होता, त्याचा चार्ट ड्युटीरूममध्ये बसूनच भरून टाकायचा. बीपी १२०/८०, नाडी ८०, ताप नाही. आम्ही त्याला 'खुर्चीतली बीपी' म्हणायचो आणि हसायचो. बाकीचे झोपेसाठी करायचे. मी कथेसाठी करायचे.

अकरा नंबरला पन्नाशीची एक बाई होती, जुलाब-तापाने आलेली. आदल्या दिवशी उठून बसली होती, त्या दिवशी सुट्टी व्हायची होती. साडेआठला मी तिचा चार्ट खुर्चीतून भरला आणि लॅबच्या कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर लिहायला घेतलं. कित्येक महिन्यांनी हात असा चालला की थांबेना. कथेतली डॉक्टरीण एका आजारी बाईजवळ जाऊन बसते. तिचा हात हातात घेते. हात गार, घामाने ओला. नाडी इतकी बारीक की बोटाखालून निसटते. बाई विचारते, "आंगनातले मोहफुलं उचलले का वं?" डॉक्टरीण म्हणते, "उचलले, माय." बाई डोळे मिटते.

मी पूर्णविराम दिला. इतकं चांगलं मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. मला फार आनंद झाला... आज सांगताना लाज वाटते, पण झाला.

तेवढ्यात सिस्टर वॉर्डात गेल्या आणि तिथून ओरडल्या. अकरा नंबर.

सलाईन, ऑक्सिजन, छाती दाबणं — सगळं केलं. उशीर झाला होता. मोठ्या डॉक्टरांनी फाईल उघडून माझा चार्ट पाहिला आणि म्हणाले, "साडेआठला तर नॉर्मल होती. अचानकच झालं म्हणायचं." मी मान हलवली.

तिची मुलगी बाहेर पायरीवर बसली होती. मला पाहून उठली आणि तिने माझा हात दोन्ही हातांत धरला.

"बाई, तुमी होत्या म्हून बरं झालं. माय एकटी नाई गेली."

"मी? मी कुठे होते?"

"तुमीच त होत्या! मायचं अंग गार लागून राह्यलं होतं, म्हून मी सिस्टरले सांगाले निघाली. दारातून मांगं पाह्यलं, त तुमी तिचा हात धरून बसल्या होत्या. कुठून आल्या थे बी दिसलं नाई मले. तिनं मोहफुलाचं इचारलं, तुमी म्हटलं, उचलले, माय." ती डोळे पुसत म्हणाली, "मंग मी थांबली दारातच. म्हटलं, डागदरीन बाईच बसून आहेत, आता काऊन कोनाले बलावाव?"

मी हात सोडवून घेतला. सरळ सिस्टरांकडे गेले आणि विचारलं, मी मघाशी वॉर्डात गेले होते का? त्या माझ्या समोरच औषधं काढत बसल्या होत्या. "नाई जी मॅडम, तुमी त खुर्चीतून हलल्या बी नाई. लिहून राह्यल्या होत्या ना." दुसरा इंटर्न मुलगा होता, आणि तो रजेवर होता. त्या सकाळी वॉर्डात दुसरी लेडी डॉक्टर नव्हती.

मानसोपचार शिकणाऱ्या मैत्रिणीने समजावलं — एप्रिल म्हणजे मोहफुलं वेचायचे दिवस, तिकडची प्रत्येक बाई त्यांचंच बोलते, तुझ्या कानावर पडलं असेल. तू थकली होतीस, मुलगी दुःखात होती. पटतं मला. पण ते फॉर्म माझ्या एप्रनच्या खिशात होते, कोणी वाचले नव्हते. मग मुलीला माझं वाक्य जसंच्या तसं कसं ठाऊक? मैत्रीण म्हणाली, तू जरा सुट्टी घे.

चार्ट मी कधी दुरुस्त केला नाही. फाईलमध्ये आजही १२०/८० आहे, आणि खरं काय ते लॅबच्या फॉर्मच्या पाठीवर आहे.

ती कोण होती, याचा उलगडा मला आजवर झालेला नाही. तुमच्यापैकी कोणाला झाला तर सांगा. पण माझ्याच अक्षरात लिहिलंय की ती डॉक्टर होती आणि तिच्या बोटांना ती नाडी लागली होती. सिस्टर दहा पावलांवर होत्या. तिने एक हाक मारायची होती. ती का मारली नाही, एवढं मात्र मला पक्कं ठाऊक आहे.

हाक मारली असती, तर कथेचा शेवट बिघडला असता.