हिरवा, पिवळा, लाल

चार माणसं मशीनभोवती जमली की एक किस्सा होतो, आणि ती घाबरलेली असली तर दोन! ग्वाल्हेरबाहेरच्या आमच्या स्विचच्या कारखान्यात यंदा उन्हाळाभर सगळेच घाबरलेले होते. ज्याचा परफॉर्मन्स कमी त्याची छुट्टी, अशी बातमी होती.

*

नवे मॅनेजर सक्सेना साहेब. त्यांनी दारातच फळा लावला. रोज प्रत्येकाच्या नावापुढे ठिपका: हिरवा, पिवळा नाहीतर लाल.

पॅकिंगमधली प्राची ग्वाल्हेरच्या खासगी बाजार भागातून माझ्याच बसनं येते. एकदा लाल ठिपका बघून दिवसभर ती प्रत्येक खोका दोनदा तपासत राहिली. दुसऱ्या दिवशी परत लाल.

"ताई, काल स्लो होते म्हणून लाल मिळाला. आज लाल मिळाला म्हणून स्लो झाले. अब क्या करूँ?"

मी क्वालिटीत आहे, पण हा फॉल्ट आमच्या यादीत नाही.

*

मग लाइनवर कॅमेरे लागले, आणि खराब माल वाढला. साहेब वैतागून आले. असेंब्लीचे जाधवकाका कारखान्यात सगळ्यांत जुने. त्यांनाच विचारलं, "ये क्या हो रहा है?"

काका शांतपणे म्हणाले, "साहब, सबकी नज़र ऊपर है. हाथ नीचे अकेले पड़ गए."

*

दिल्लीहून ट्रेनर आले. एसी हॉलमध्ये आम्हाला बसवून विचारलं, काम वाढायला तुम्हाला काय हवं? साहेब समोरच बसलेले, कोण बोलणार? शेवटी मागून प्राचीचा बारीक आवाज आला, "सर, ये मीटिंग थोड़ी लंबी करेंगे? बाहर बहुत गर्मी है."

हसायला कोणाची हिंमत झाली नाही. ट्रेनरच हसले, तेव्हा सगळे सुटले.

*

आणि एका दुपारी जाधवकाकांना केबिनमध्ये बोलावणं आलं. त्या आठवड्यात दोघं असेच आत गेले होते, आणि सामान आवरून घरी गेले होते. काकांनी चष्मा पुसला, प्राचीला म्हणाले, "माझं मशीन बंद करू नकोस," आणि गेले.

बराच वेळ झाला. प्राची रडकुंडीलाच आली होती.

काका परतले, मशीनवर बसले. मी विचारलं, "काय झालं?"

"उद्या हेड ऑफिसची माणसं येताहेत. साहेबांचा परफॉर्मन्स बघायला."

"मग तुम्हाला कशाला बोलावलं?"

"साहेबांनी दार लावून घेतलं, आणि स्वतः उभ्या उभ्याच विचारलं, 'जाधवजी, वो लोग पूछेंगे, तो आप मेरे बारे में क्या बोलोगे?'"

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, साहब, पहले आप बैठिए."