समोरच्या पक्षाची छत्री

आमच्या मुळशीत पावसाला शिव्या घालणारी माणसं घरोघर सापडतील, पण निव्वळ राजकीय मतभेदापायी भिजणारा माणूस अख्ख्या तालुक्यात एकच, माझ्या बायकोचे भरे गावचे मामा. पंचायत समितीच्या कुठल्याशा जुन्या निवडणुकीत समोरच्या पक्षाने पाठिंबा दिलेल्या उमेदवाराला छत्री हे चिन्ह मिळालं आणि तो निवडून आला. त्या दिवसापासून मामांनी छत्रीला हात लावला नाही. आषाढात आभाळ फाटलं तरी ते खताच्या पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन पिरंगुटच्या बाजारात हिंडत. एकदा मी त्यांना माझ्या छत्रीत घ्यायला गेलो तर चार पावलं लांब सरकून म्हणाले, "जावईबापू, तुमी घ्या. तुमी काय, हिंजवडीत नोकरी करता, तुमाला पक्ष न्हाई."

मामांचा पक्ष म्हणजे त्यांचा दुसरा संसार होता, आणि पहिल्यापेक्षा त्याच्याकडे लक्ष जास्त. भाचीच्या, म्हणजे आमच्याच लग्नात अक्षता पडायच्या आधी माइकवरून पुढाऱ्यांची नावं पुकारली जात होती. त्यात समोरच्या पक्षाचा माणूस आधी आला म्हणून मामा बोहल्याजवळून उठून थेट पार्किंगमध्ये जाऊन बसले. अंतरपाट धरायला शेवटी दुसरा मामा उसना आणावा लागला. मला अजून आठवतं, बायको हारातून डोकावून विचारत होती, "मामा कुटं गेला?"

पण खरा घाव वेगळाच होता. त्या छत्रीचा प्रचार घरोघर जाऊन केला होता तो मामांच्या सख्ख्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने, चांद्याच्या दाजींनी. निकालाच्या संध्याकाळी दाजींनी मेव्हण्याच्या दारावरून गुलाल उधळत मिरवणूक नेली. मामांनी त्यांच्या तोंडावर दार लावून घेतलं, ते कायमचं. भाऊबीजेला ती बहीण, म्हणजे बायकोची मावशी, ताट तयार ठेवून वाट पाहायची. भरे ते चांदे गाडीवर काही फार लांब नाही, पण मामा फिरकले नाहीत. आणि नवऱ्याचा अपमान झालेल्या घरी न बोलावता कसं जायचं, म्हणून तीही आली नाही.

दोन मोठे पक्ष एकत्र का येत नाहीत, यावर मामांचं व्याख्यान मी चहाच्या टपरीवर असंख्य वेळा ऐकलं आहे. "आमचा पक्ष म्हंजे काय? त्यांच्यावरचा राग. त्यांचा पक्ष म्हंजे आमच्यावरचा राग. दोघं एका पाटावर बसल्यावर राग कुटं ठिवायचा? बारका पक्ष आला तर घेत्यात, त्याला उंबऱ्यात बसवता येतंय. बरोबरीचा आला तर घर कुणाचं? आन् फुडच्या टायमाला लोकांनी मत द्यायचं ते कुणाला पाडायला?" एवढं बोलून ते बशीतला चहा असा ओढत की विषय संपलाच. मला ते पटायचं. अजूनही पटतं.

आणि मग, वाचकहो, वर मुंबईत ते दोन पक्ष आघाडी करून एक झाले. मामांनी बातमी पाहिली आणि टीव्ही बिघडलाय म्हणून शेजाऱ्याच्या घरी जाऊन पाहिली. तिथलाही बिघडला होता. तालुक्यात दोन्हीकडच्या कार्यकर्त्यांचा एकत्र मेळावा ठरला. मंगल कार्यालयात खुर्च्या सरमिसळ मांडल्या होत्या, पण नेते येईपर्यंत मधोमध बैलगाडी जाईल एवढी वाट पडली होती. व्यासपीठावर कुणीतरी मामांचा आणि दाजींचा हात धरून एकत्र उंचावला. तो फोटो फाट्यावरच्या फ्लेक्सवर झळकला. दोघेही दाढ काढायला आल्यासारखे हसत होते.

मावशी तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. आम्ही भेटायला गेलो तर तिने तो फोटो मोबाइलवर पुन्हा पुन्हा मोठा करून पाहिला. "फोटोत आलाय दादा. आता घरीबी येईल."

बायकोने मामांना तसं सांगितलं. मामा म्हणाले, "वरचे एक झाले ते खुर्चीसाठी. त्यांचं काय गेलंय? मी आज गेलो तर मग इतकी वर्सं कशासाठी गेलो न्हाई, ते तिला काय सांगू?" मला त्यांचा भयंकर राग आला.

ती आघाडी मोडली. मामांनी अख्ख्या आळीत पेढे वाटले, "मी काय बोललो व्हतो?" असं दारोदार विचारत. तोंडचा पेढा संपायच्या आत चांद्याहून फोन आला, मावशी गेली.

सवाष्णीला शेवटची साडी माहेरची लागते, तिच्यावाचून तिरडी उचलत नाहीत. अंगणात पाऊस कोसळत होता आणि सगळे भऱ्याच्या रस्त्याकडे बघत उभे होते, तिथेही दोन पक्षांचे दोन घोळके करून. मामा आले. खोळ डोक्यावर नव्हती, तिच्यात साडी गुंडाळलेली होती. त्यांनी साडी बहिणीच्या अंगावर घातली. दाजी तिच्या तोंडावर छत्री धरून होते, पण डोळे पुसायला हात गेला की छत्री कलायची आणि पाणी तिच्या कपाळावरच पडायचं. मामांनी त्यांच्या हातातून छत्री घेतली आणि स्मशानापर्यंत तिच्यावर धरली. स्वतः नखशिखांत भिजत चालले. दोन्ही घोळके बघत राहिले. कुणी हसलं नाही.

त्या गडबडीत छत्री मामांबरोबर भऱ्याला आली. आता त्यांच्या ओसरीत खुंटीला टांगलेली असते. दाजी न्यायला येत नाहीत आणि मामा पावसात अजून खोळच घेतात. परवा मी म्हटलं, "माझा कामावर जायचा रस्ता चांद्यावरूनच आहे, जाता जाता देऊन टाकतो."

मामा खुंटीकडे बघत म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. न्यायची तर मलाच न्यायला पायजे." मग माझ्याकडे वळले. "पण तितं आता 'दादा आला' म्हणायला कोण हाय?"